दुःखाच्या दिवसांत देवाशी बोलायचं कसं

हे त्यांच्यासाठी लिहितेय ज्यांच्या घरात आत्ता काहीतरी चालू आहे. कुणाचा रिपोर्ट वाईट आलाय, कुणाचं माणूस गेलंय, कुणाचं दुखणं वर्षानुवर्षं चाललंय आणि डॉक्टर म्हणतात आता याच्यासोबतच राहायचं. देवावर विश्वास आहे, म्हणजे होता, म्हणजे अजून आहे बहुतेक, पण देवघरासमोर बसलं की काहीच वाटत नाही आणि मग अजूनच एकटं पडल्यासारखं होतं. ज्यांचा विश्वास नाही त्यांना पटवायला हे लिहीत नाहीये, त्यांची वाट वेगळी. मी वारकरी घरातली त्यामुळे माझं बोलणं फिरून फिरून पंढरपूर-देहू-आळंदीकडेच येणार, तुमचा देव दुसरा असेल तर तिथे त्याचं नाव घाला, काही बिघडत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. दुःखात आपण देवाकडे कारण मागतो. माझ्याच बाबतीत का, इतक्या चांगल्या माणसाला का, या लहान लेकराने कुणाचं काय केलं होतं. कारण मिळत नाही आणि मग वाटतं वर कुणी नाहीच. पण संतांची चरित्रं बघा, त्यांनाही हे कारण मिळालेलं मला तरी दिसत नाही. मिळाली ती सोबत. आणि ती मिळाली कारण त्यांनी बोलणं तोडलं नाही, चिडून बोलले, रडून बोलले, कधी नुसतं दुसऱ्याच्या मागे पुटपुटले पण बोलत राहिले. तर खाली जे सांगतेय ते सगळं बोलणं चालू कसं ठेवायचं त्याबद्दल आहे, दुःख घालवायचं कसं ते मला माहीत नाही आणि ते माहीत आहे असं सांगणाऱ्यांपासून जरा लांबच राहा, त्यावर पुढे लिहितेच.

"गरज पडली तेव्हाच देव आठवला" ही लाज आधी काढून टाका

खूप जणांचं इथेच अडतं. एरवी कधी हात जोडले नाहीत, आता आयसीयूच्या बाहेर बसून कुठल्या तोंडाने जोडू? गीतेच्या सातव्या अध्यायात कृष्ण चार प्रकारचे भक्त सांगतो, आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. त्या श्लोकात पहिलं नाव आर्ताचं आहे, म्हणजे जो पीडलेला आहे, कळवळून हाक मारतोय तो. ज्ञानी त्याला सगळ्यात जवळचा असं तो पुढे म्हणतो खरं, पण चौघांनाही उदार म्हणतो, चांगलं म्हणतो, आर्ताला हाकलून देत नाही. गजेंद्राने हाक मारली ती पाय मगरीच्या तोंडात असताना, तळ्यात मजेत डुंबत होता तोपर्यंत कुठे मारली होती? तरी देव धावून आलाच ना. तेव्हा तुम्हाला तो आत्ता आठवला तर आत्ता आठवला, हिशेब मांडत बसू नका, तोही मांडत नाही.

दुसरी काढून टाकायची गोष्ट म्हणजे लोकांनी डोक्यात घातलेली वाक्यं. मागच्या जन्मीचं पाप असेल. साडेसाती चालू आहे. कुलदेवतेचं काही राहिलंय का बघा. आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकवतात ते "ठेविले अनंते तैसेचि राहावे". अहो ते तुकोबांनी म्हटलंय, सगळं घरदार होरपळून निघालेल्या माणसाने म्हटलंय, दुसऱ्याच्या दुःखावर बसल्या जागेवरून फेकायला ते नाहीये. प्रारब्ध संतांनीही मानलं पण ते स्वतःची समजूत घालायला, शेजारच्या बाईचं बाळ गेलं तर तिच्या दारात जाऊन तिचं प्रारब्ध काढायला नाही. असं कुणी बोललं तर वाद घालत बसू नका, अंगात तेवढी ताकद नसते त्या दिवसांत, सरळ उठून चहा टाकायला जा.

तुकोबांनी काय केलं ते नीट बघू, कारण त्यांनी क्रमाने सांगून ठेवलंय

मला या विषयावर सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे तुकाराम महाराजांचा "याति शूद्र वैश्य केला वेवसाव" हा अभंग. आत्मचरित्रच म्हणा. संतांनी विचारलं म्हणून सांगतो असं म्हणून त्यांनी त्यात आपल्यावर काय गुदरलं आणि मग आपण काय काय केलं ते ओळीने सांगितलंय. आईबाप गेले. 1630 च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ आला, त्यात पैसा गेला, मान गेला, आणि पुढे ती ओळ आहे, "स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली". पहिली बायको उपाशी मेली. मुलगाही गेला. धंदा बुडाला. आणि त्याच्यापुढे ते लिहितात "लज्जा वाटे जीवा त्रासलों या दुःखें". लाज वाटते, वैतागलोय. ज्यांना आपण जगद्गुरू म्हणतो त्यांना हे लिहायला संकोच वाटला नाही, आणि आपण मात्र नातेवाईकांचा फोन आला की "हो सगळं ठीक आहे, देवाची कृपा" म्हणतो.

आता पुढची ओळ बघा. इतकं सगळं झाल्यावर पहिली गोष्ट काय केली तर "देवाचें देऊळ होतें तें भंगलें । चित्तासी जें आलें करावेंसें". देहूचं विठ्ठलाचं पूर्वजांचं देऊळ पडझड झालेलं होतं, ते दुरुस्त करायचं मनात आलं. म्हणजे सुरुवात हातांच्या कामापासून, दगड-माती उचलण्यापासून. ध्यान नाही, साक्षात्कार नाही. मी याच्यावर खूप विचार केलाय आणि मला वाटतं यात फार मोठं शहाणपण आहे, कारण दुःखात डोकं चालतच नाही, मन तर ताब्यात नसतंच, हात मात्र चालतात. तर तुम्हीही हातांपासून सुरू करा. देवघरातली भांडी चिंचेने घासा. तुळशीची माती उकरा, वाळलेली पानं काढा. गावच्या देवळात सकाळी झाडू मारायला कुणीही नाही म्हणणार नाही. घरातून बाहेर पडता येत नसेल तर वाती वळा, कापूस घ्यायचा आणि वळत बसायचं. मनात काही भाव आणायचा प्रयत्न करू नका, फक्त काम करताना एकदा म्हणा की हे तुझं काम करतोय. तेवढं बास.

त्याच्यापुढे ते म्हणतात "आरंभी कीर्तन करीं एकादशी । नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं". सुरुवातीला एकादशीला कीर्तन करायचो पण मन त्यात नव्हतं. हे तुकाराम महाराज म्हणतायत! मन नव्हतं तरी केलं. आपण काय करतो, मन लागत नाही म्हणून पूजा बंद, मन लागत नाही म्हणून माळ ठेवून दिली, ढोंग केल्यासारखं वाटतं म्हणतो. मन लागत नसताना केलेलं ढोंग नसतं, ढोंग लोकांना दाखवायला असतं. मन नसताना एकट्याने पाच मिनिटं बसणं उलट जास्त खरं आहे असं माझं ठाम मत आहे.

मग "कांहीं पाठ केलीं संतांचीं उत्तरें". पाठांतर केलं. आणि "गाती पुढें त्यांचें धरावें धृपद", पुढे जे गात होते त्यांच्या मागे उभं राहून ध्रुपद, म्हणजे अभंगाची परत परत येणारी ओळ, धरलं. हे करून बघाच, कारण दुःखात स्वतःचे शब्द संपतात. काय मागायचं, कसं मागायचं काही सुचत नाही. अशा वेळी दुसऱ्याचे शब्द उसने घ्यायचे आणि दुसऱ्याच्या आवाजात आपला आवाज मिसळायचा. गावात, सोसायटीत कुठेतरी भजनी मंडळ असतंच, संध्याकाळी हरिपाठ असतो, तिथे जाऊन शेवटच्या ओळीत बसा. टाळ घेतला पाहिजे असं नाही, गळा बरा पाहिजे असंही नाही. समोरचे म्हणतील "जय जय राम कृष्ण हरी", तुम्ही मागून म्हणा. रडू आलं तर येऊ दे, भजनात रडणाऱ्याकडे कुणी वळून बघत नाही, तिथे ते चालतं. लग्नकार्यात, ऑफिसात, व्हॉट्सअपच्या फॅमिली ग्रुपवर नाही चालत, पण तिथे चालतं.

त्याच्यापुढे "ठाकला तो कांहीं केला उपकार । केलें हें शरीर कष्टवूनी", जमेल तेवढी दुसऱ्याला मदत, शरीर झिजवून. हे एवढं सगळं करून झाल्यावर आहे हे लक्षात घ्या. दुःखाच्या पहिल्याच आठवड्यात "आता तू समाजसेवेत मन रमव" असं सांगणाऱ्यांना हात जोडा, त्याची वेळ येते, पण ती आपली आपण येते.

भांडण चालतं, आणि ते कसं करायचं

नामदेव महाराजांचा अभंग आहे, "पतितपावन नाम ऐकुनी आलो मी दारा । पतितपावन न होसी म्हणोनी जातो माघारा". तुझं नाव ऐकून आलो होतो, तू तसा नाहीस, चाललो परत. हे देवाच्या दारात उभं राहून देवाला ऐकवलंय आणि सातशे वर्षं वारकरी ते गातायत. माझी एक ख्रिश्चन मैत्रीण आहे तिने सांगितलं की त्यांच्या बायबलात बाविसावं स्तोत्रच "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" असं सुरू होतं आणि क्रुसावर असताना येशूच्या तोंडीही तेच शब्द आहेत. तेव्हा रागावलात म्हणजे नास्तिक झालात असं नाही. रागावतो आपण आपल्याच माणसावर.

करायचं कसं, तर जागा शोधा जिथे मोठ्याने बोलता येईल. गच्ची, बाथरूमचा नळ सोडून, हॉस्पिटलचा जिना, पार्किंगमध्ये गाडीच्या काचा वर करून. मनातल्या मनात बोलू नका, मनातलं बोलणं दोन मिनिटांत काळजीत बदलतं आणि मग आपण देवाशी बोलत नसतो, नुसते घोळत असतो. तोंडाने बोला. ज्या नावाने लहानपणी हाक मारायचात त्याच नावाने, विठ्ठला, खंडेराया, आई अंबाबाई, स्वामी, जे असेल ते. आणि नेमकं बोला. "सगळ्यांना सुखी ठेव" हे त्या वेळचं बोलणं नाहीये. "काल किमो झाल्यापासून तिच्या पोटात पाणी ठरत नाहीये, पुढच्या हप्त्याचे पैसे कुठून आणू मला कळत नाही, आणि तू तिथे कमरेवर हात ठेवून उभा आहेस, मला तुझा राग आलाय." असं. बोलून झालं की लगेच उठू नका, थोडं गप्प बसा. काही आवाजबिवाज येणार नाही. पण आपलं म्हणणं कुणासमोर तरी पूर्ण मांडून झालंय एवढं तरी जाणवतं, आणि माझ्या अनुभवात हळूहळू तो समोरचा कुणीतरी आहे हेही जाणवायला लागतं, त्याला वेळ लागतो.

बोलवत नसेल तर वही घ्या. आपल्या आज्या-पणज्यांनी तर जात्यालाच देव केलं होतं, "जात्या तू ईश्वरा, नको मला जड जाऊ" म्हणत पहाटे अंधारात दळायला बसायच्या आणि सासरचा जाच, माहेरची आठवण, गेलेलं लेकरू सगळं त्या ओव्यांमधून बाहेर यायचं. अशा लाखाहून जास्त ओव्या महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून गोळा करून ठेवल्या गेल्यात. बाईला दुसरीकडे बोलायला जागा नव्हती म्हणून ती तिथे बोलली. आणि जनाबाई, नामदेवांच्या घरची दासी, आईबापाविना वाढलेली, तिचा विठ्ठल तर तिच्याबरोबर दळायलाच बसायचा, गोपाळपूरला ते जातं अजून दाखवतात. मला जनाबाईंचा देव फार आवडतो, तो तिचं दळण बंद करत नाही, दासीपणातून सोडवून राणीही करत नाही, खुंट्याला दुसरा हात लावतो.

पेशंटचं करणाऱ्यांसाठी

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण यांच्याबद्दल कुणी बोलतच नाही. आजारी माणसाला सगळे विचारतात, त्याचं करणाऱ्याला कुणी विचारत नाही. माझ्या आत्याचं डायलिसिस चालू होतं तेव्हा माझ्या आईची रोजची पूजा बंद पडली, उपवास बंद पडले, वारी तर लांबच राहिली, आणि तिला त्याची फार खंत वाटायची, माझ्या हातून देवाचं काहीच होत नाही म्हणायची.

तिला एका म्हाताऱ्या विणेकऱ्यांनी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. विठ्ठल पंढरपुरात का उभा आहे? पुंडलिक आईबापांचे पाय चेपत होता, देव दारात आला, पुंडलिक उठला नाही, वीट टाकली आणि म्हणाला यावर थांब, माझं काम होऊ दे. आणि देव थांबला. रागावला नाही, परत गेला नाही, थांबला, आजपर्यंत थांबलाय. म्हणजे आपलं अख्खं पंढरपूर हे पेशंटचं करणाऱ्या एका माणसासाठी देवाने वाट बघितली यावर उभं आहे हो. चंद्रभागेच्या वाळवंटात आधी पुंडलिकाचं दर्शन घेतात ते उगीच नाही.

तर तुमची पूजा राहिली म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. देवाला सरळ सांगा, थांब जरा, आत्ता बाबांचं डायपर बदलायचंय. हे म्हणणं हीच त्या दिवसाची पूजा. आणि अंग पुसताना, औषध देताना, व्हीलचेअर ढकलताना मनात एक नाव चालू ठेवता आलं तर ठेवा, नाही आलं तर नाही. हरिपाठाची पहिलीच ओळ "देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी" आहे, क्षणभरी म्हटलंय, तासभर म्हटलेलं नाही. ज्ञानोबांनीच इतकं कमी मागितलंय तर आपण स्वतःवर जास्तीचं ओझं कशाला घ्यायचं. लिफ्टची वाट बघताना जो क्षण मिळतो तो पुरतो.

आणि दुसऱ्याला बसवून झोप काढा. झोप न झालेल्या माणसाला देव, डॉक्टर, नातेवाईक सगळेच शत्रू वाटतात.

शरीर दुखत असेल तेव्हा

दुखणं जोरात असताना लांब पोथी वाचायचा हट्ट करू नका, ते होत नाही. दोन गोष्टी होतात. एक म्हणजे श्वासावर नाव, श्वास आत घेताना राम कृष्ण, सोडताना हरी, मोजायचं नाही, माळ नको. चुकलं तर परत सुरू. दुसरी म्हणजे रामरक्षा, आणि तीही सगळी नाही, तिच्यातला कवचाचा भाग. "शिरो मे राघवः पातु भालं दशरथात्मजः" इथून ती डोक्यापासून सुरू होते, कपाळ, डोळे, कान, नाक, तोंड करत करत पायापर्यंत जाते आणि प्रत्येक अवयवाला रामाचं एक नाव देते. पाठ असेल तर अगदी हळू म्हणा, जो अवयव येईल तिथे लक्ष न्या, शक्य असेल तर तिथे हात ठेवा. जिथे दुखतंय तिथे आलं की थांबा. माझ्या आत्याला रात्री पायात गोळे यायचे तेव्हा ती असंच करायची, गोळे जायचे नाहीत, पण तिचं म्हणणं होतं की मी एकटी नसते गं तेवढा वेळ. लहान मुलं आजारी असतील तर तुम्ही म्हणा आणि त्यांच्या अंगावरून हात फिरवा.

रात्री दोन ते चारची वेळ सगळ्यात वाईट असते. तेव्हा कुठलेही मोठे निर्णय, देव आहे का नाही हासुद्धा, त्या वेळी घ्यायचा नाही. पहाटे काकड्याची वेळ होईपर्यंत फक्त नाव घेत पडून राहायचं, मोबाईलवर काकडा लावून ठेवला तरी चालतो, आवाज बारीक.

आणि पेनकिलर घ्या. वेदना सहन करणं ही भक्ती आहे असं कुणी सांगितलं असेल तर विसरा ते. आता बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलांत पॅलिएटिव्ह केअर म्हणून वेगळा विभाग असतो, कॅन्सरचं दुखणं कमी करायला मॉर्फिनच्या गोळ्यासुद्धा तिथले डॉक्टर देतात, तुमच्या डॉक्टरांना स्वतःहून विचारा कारण कित्येकदा ते आपणहून सांगत नाहीत. दुखणं थोडं उतरलं की देवाशी बोलायलाही त्राण येतं.

माणूस गेल्यावर

दहा-तेरा दिवस देवघराचा दिवा लागत नाही, पूजा बंद, आणि नेमकं तेव्हाच देवाची सगळ्यात जास्त गरज असते. पुष्कळांना वाटतं सुतकात नावही घ्यायचं नाही. हरिपाठातच आहे, "काळ वेळ नाम उच्चारितां नाहीं". नामाला सुतक नाही, वारकऱ्यांत तर माणसाला न्यायचं तेही भजन करत नेतात. तेव्हा मूर्तीला हात लावू नका घरच्या रीतीप्रमाणे, पण नाव घ्या, बोला.

रडा. आळंदीला 1296 साली ज्ञानदेवांनी समाधी घेतली त्या प्रसंगाचे नामदेवांचे अभंग वाचून बघा, तिथे जमलेले सगळे संत रडतायत, आणि त्यात चक्क पांडुरंगाचंही मन भरून आलेलं दाखवलंय. आपली परंपरा रडू नको म्हणणारी नाहीये. गाडगेबाबा मुलगा गेल्याची बातमी आली तरी कीर्तनातून उठले नाहीत असं सांगतात, ते थोर होते, पण ते माप प्रत्येक आईला लावायचं नसतं.

गेलेल्या माणसाबद्दल देवाला सांगा. म्हणजे त्यांची सवय, त्यांना चहात साखर किती लागायची, कुठल्या गोष्टीवरून चिडायचे. कुणाकडे तरी सोपवताना आपण माहिती देतो ना तशी. बाराव्या-तेराव्यानंतर घर रिकामं होतं, पाहुणे जातात, तेव्हा हे जास्त करा, कारण खरे दिवस तिथून सुरू होतात.

जिथे सावध राहायचं

दुःखातला माणूस म्हणजे बाजारात उभं राहिलेलं गिऱ्हाईक असतं काही लोकांसाठी. अमुक ग्रहाची शांती करा, एवढे हजार. औषधं बंद करा, अंगारा लावा. कुणीतरी करणी केलीय. औषध बंद करायला सांगणारा देवाचा माणूस नाही, विषय संपला. महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, अशा लोकांविरुद्ध पोलिसात तक्रार करता येते. नवस बोलायचाच असेल तर कर्ज न काढता फेडता येईल असा बोला, गाडगेबाबा जन्मभर कीर्तनातून हेच ओरडून सांगत होते की कर्ज काढून देवाचं काही करू नका. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये बाहेरगावाहून येणारे पेशंट आणि त्यांची माणसं तिथे उतरतात. त्या बाबांनी देव कुठे शोधला ते यावरून कळतं.

आणि दुःख जर माणसाने दिलं असेल, नवरा मारतोय, घरात छळ आहे, जातीवरून अपमान होतोय, तर "देव परीक्षा बघतोय" म्हणून सोसत बसू नका. चोखोबांना देवळाच्या बाहेर ठेवलं, त्यांनी बाहेरून हाक मारली आणि देव त्यांच्याकडे बाहेर आला असं आपण गातो, हे खरंच आहे, पण म्हणून बाहेर ठेवणं बरोबर ठरलं नाही. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले आणि विठ्ठलाच्या देवळाचं ते दार दलितांना उघडायला लावलं. सोबत देवाची आणि दार उघडायला माणसं, दोन्ही लागतात. बायकांसाठी 181 हा नंबर आहे, फोन करा.

काहीच जाणवत नसेल तर

असे महिने जातात. नाव घेताय, भजनाला जाताय, बोलताय आणि आतून सगळं कोरडं. अशा वेळी जाणवणं सोडून द्या आणि दुसऱ्याला तुमच्यासाठी म्हणायला सांगा. आई, मावशी, भजनातली एखादी काकू, "माझ्या नावाने आज एक हरिपाठ म्हणा, माझ्याकडून होत नाहीये." याला कमीपणा मानू नका. लोकांच्या बोलण्याने पोळून ज्ञानेश्वर दार लावून आत बसले होते तेव्हा धाकट्या मुक्ताईने बाहेरून "ताटी उघडा ज्ञानेश्वरा" म्हणून विनवलं, ज्ञानोबांनासुद्धा बाहेरून कुणीतरी लागलं. 2020 साली वारी पायी निघालीच नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, घरात बसलेल्या लोकांनी फोनवर एकमेकांना अभंग ऐकवले, त्या वर्षी किती घरांत माणसं आजारी होती. तेव्हा मला कळलं की आवाज दुसऱ्याचा असला तरी पोचतो.

पण कोरडेपणाबरोबर जेवण जात नाही, झोप नाही, मेलेलं बरं असं वाटतंय, हे असेल तर ते नुसतं भक्तीचं काम नाही. 14416 हा सरकारचा टेलि-मानसचा फोन आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. देवाला हाक मारता तशीच तिथेही मारा, आणि ज्या दिवशी वाटेल त्याच दिवशी मारा, सोमवारची वाट बघू नका.

आता जे दुसऱ्याच्या दुःखात भेटायला जातात त्यांच्यासाठी थोडं. जाताना डबा न्या, रिकाम्या हाताने सल्ला नेऊ नका. देवाचं कारण सांगू नका, "देवाला चांगली माणसं आवडतात" हे तर अजिबात नको, ते ऐकून कुणाला देव आवडेल. त्यांनी देवाला शिव्या दिल्या तर ऐकून घ्या, देवाची बाजू घेऊ नका, त्याला वकील लागत नाही. निघताना विचारा की उद्या पेशंटजवळ दोन तास मी बसू का, आणि हो म्हणाले तर वेळेवर जा.